एका दाराची वस्तू

मंगळवार हा कोठार झाडायचा दिवस. सकाळी दहाला मिर्ता एचेगोयेन थर्मासमधलं गरम पाणी माते नावाच्या चहाच्या पोकळ भोपळ्यात ओतायची, नळीने एक कडवट घोट ओढायची आणि मगच यंत्राला झाडलोटीची आज्ञा द्यायची. आठ वर्षं हाच क्रम. हाताखालची माणसं चेष्टा करत, की बाई चर्चला एवढ्या नेमाने जात नाहीत. त्यावर ती म्हणे, "देवाला एखादा रविवार चुकलेला चालतो. कोठाराला नाही चालत."

कचेरी मोंतेविदेओत सेरो टेकडीच्या उतारावर, खाडीच्या काठाला, एका बंद पडलेल्या मांसाच्या कारखान्यात होती. भाडं कमी, भिंती दीड हात जाड, त्यामुळे यंत्रं थंड राहत. ज्या दालनात पूर्वी बैल सोलत तिथेच आता टेबलं मांडलेली. छतापर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीत रक्त वाहून जायच्या पन्हळी आणि वर, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर, लोखंडी रूळ. रुळाला मांस टांगायचे चाळीसेक आकडे अजून लटकत होते. दक्षिणेचा वारा सुटला की ते एकमेकांवर हलकेच वाजत. नव्या माणसाला ते दोन दिवस ऐकू येत, मग येईनासे होत.

ही मंडळी 'तेरो' सांभाळत. तेरो म्हणजे टिटवी, पण ही टिटवी म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं एक अवजार. आजकाल सगळा प्रोग्रॅम स्वतः बसून कोण लिहितो? दुसऱ्यांनी लिहिलेले शेकडो तयार तुकडे आणायचे आणि जोडायचे. ते तुकडे आणून देणं आणि नीट ठेवणं हे तेरोचं काम. शहरातल्या चाळीस कंपन्यांची कामं मिर्ताच्या एका मोठ्या यंत्रावर चालत आणि त्या चाळिसांचे सगळे तुकडे एकाच कोठारात असत.

कोठाराची रीत साधी होती. इथे वस्तूला नाव कुणी देत नाही. वस्तूच्या आत जे काही लिहिलं आहे त्यावरून चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो, तोच तिचा पत्ता. आतला एक स्वल्पविराम बदलला की ठसा बदलतो, म्हणजे ती दुसरीच वस्तू झाली. आणि दोन वस्तू आतून अगदी हुबेहूब असल्या तर कोठाराच्या हिशेबी त्या दोन नाहीतच. एकच ठेवायची. ज्याला हवी त्याला तिची नक्कल मिळत नाही, दार मिळतं. खोली एक, दारं हवी तेवढी. जिला एकही दार उरलं नाही ती वस्तू मंगळवारी झाडून टाकायची.

म्हणूनच एक धाक होता. दारातून आत हात घालायचा नाही. वाचा, वापरा, पण खोडाखोड करू नका. एका दारातून ओरखडा काढलात तर तो सगळ्या दारांतून दिसतो. गेल्या वर्षी नाहुएल बेंतांकूरने नेमका हाच घोळ घातला. सत्तावीस वर्षांचा, हुशार, जिभेला हाड नाही. एक चूक शोधताना आपण आपल्याच फोल्डरात आहोत अशा भ्रमात त्याने एका तुकड्यात लिहून ठेवलं, 'इथवर आलास का गाढवा?' तासाभरात एका बस कंपनीच्या तिकिटांवर ते छापून यायला लागलं. तीन म्हाताऱ्यांनी मिळून एका कंडक्टरला छत्र्यांनी बदडला.

तेव्हा मिल्टन पोट धरून हसला होता. मिल्टन म्हणजे मिर्ताचा धाकटा भाऊ, तिथेच कामाला, तिनेच लावलेला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, ती बावीस. तिनेच त्याला वाढवलं, त्याच्या मारामाऱ्या निस्तरल्या, दोनदा पोलीस ठाण्यातून सोडवून आणलं. हात उगारायला त्याला फार मोठं कारण लागत नसे. त्याचा डावा कान खालून फाटलेला होता. सहा वर्षांचा असताना शेजारच्या कुत्र्याच्या तोंडातून हाड ओढायला गेला होता. नंतर तोही त्या कुत्र्याला चावला, असं आई सांगायची. असा हा भाऊ, आणि तोच एक. जगात आपलं म्हणावं असं मिर्ताला दुसरं कुणी नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी झाडलोट संपली आणि पडद्यावर एक वस्तू उरली. तिला दोन दारं होती, पण ती दारं कुठे उघडतात तेच कळेना. चाळीस कंपन्यांची फोल्डरं मिर्ताने विंचरून काढली. कुठेच नाही. शेवटी तिने ती उघडली. आत एवढंच होतं:

उजवा हात. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे. हाडापर्यंत.

तिने ठसा तपासला. यंत्र म्हणालं, ठीक. म्हणजे वस्तू जिथे असायला हवी तिथेच होती, फक्त ती तिथे ठेवली कुणी ते सापडत नव्हतं. नाहुएल त्या दिवशी लास पिएद्रास गावात, आपल्या घरी होता. तिने फोन लावला.

"तुझा प्रताप ना हा?"

"बाई, मला ताप आलाय," नाहुएल नाकात बोलला. "तापात माणूस एवढं शुद्ध लिहीत नाही."

एक वाजता जेवायला बसले. यानेला ऑलिवेरा, त्यांच्यातली सगळ्यात शांत मुलगी, पाव कापत होती. पाव शिळा होता. सुरी सालावरून घसरली आणि तिच्या उजव्या हातात अंगठ्याच्या बेचक्यात शिरली. तिने सुरी उपसली तेव्हा आत पांढरं दिसलं. रक्त टेबलावरून खाली गेलं आणि फरशीवरची पन्हळ धरून जाळीच्या दिशेने वाहू लागलं. कितीतरी वर्षांनी त्या पन्हळीला तिचं काम मिळालं होतं.

यानेलाला दवाखान्यात पोचवून मिर्ता परत येते तोच नाहुएलचा फोन. खिडकी लावताना काच फुटली म्हणे. उजवा हात. तेव्हाही एकच वाजला होता. सात टाके पडले.

यानेलालाही सातच पडले होते. तीन दिवसांनी दोघांनी मलमपट्टी सोडून हात शेजारी ठेवले. जखमेचं वळण एकच. टोकाला एक बारीक फाटा फुटला होता, तोसुद्धा दोन्हीकडे तसाच. नाहुएल म्हणाला, "आता आपलं लग्नच लावा." यानेलाने बाही खाली ओढून घेतली.

मिर्ताने कोठारात पाहिलं. वस्तू तिथेच होती. दारं शून्य.

खोली एक, दारं दोन. हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो झटकून टाकला. योगायोग असतात. ती गणित शिकलेली बाई होती.

दुसऱ्या मंगळवारी दहाला तिने आज्ञा दिली. जुनी वस्तू झाडली गेली. एक नवीन उरली.

पुरुष.
डावा कान खालून फाटलेला, कुत्रा, वयाची सहा वर्षं.
मानेच्या मागे तीन घाव, आकड्याने. तिसऱ्याला मरण.

खाली यंत्राने आपल्या सवयीने लिहिलं होतं, दारं: एक.

मातेचा भोपळा तिच्या हातात होता. तो तिने टेबलावर ठेवला, तर तो कलंडला आणि हिरवं पाणी कागदांवर पसरलं. तिने ते पुसलंही नाही. तिला आधी भीती वाटली नाही, राग आला. एवढा राग, की कानशिलं ठणकायला लागली. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या नरडीला हात घालावासा वाटला.

तिने वस्तू पुसली. यादी पुन्हा पाहिली. वस्तू होतीच. सहा वेळा पुसली, सहा वेळा ती परत आली. त्यात नवल काहीच नव्हतं, तेरोची घडणच तशी होती. ज्या वस्तूला दार आहे ती हरवली तर तेरो ती पुन्हा आणून ठेवतो. हा गुण मिर्तानेच घातला होता, आणि त्याचं तिला भारी कौतुक होतं.

ती उठून फाटकावर गेली. एर्मेसकाका तिथे उन्हाला पाठ करून बसले होते. सत्तरी उलटलेली, तरुणपणी ते याच दालनात सुरा घेऊन उभे राहिलेले, आता राखणदार. मिर्तासाठी ते रोज सकाळी वाटेवरून गरम बिस्किटं आणत आणि पैसे घेत नसत.

"काका, तुमच्या वेळी मानेच्या मागून मारायचे ना?"

"जनावराला? हो." म्हाताऱ्याने आपल्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. "कवटी संपते तिथली ही खाच. एक घाव, खलास. दोन लागले की मुकादम आईवरून शिव्या द्यायचा."

"आणि तीन लागले तर?"

"तीन लागले तर समजायचं, मारणाऱ्याला मारायचं नव्हतं." ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "काय झालंय पोरी?"

"काही नाही. ते वरचे आकडे काढायचेत. सगळे. आत्ता."

आकडे भंगारात घाला म्हणून ते चार वर्षं मागे लागले होते. खूश होऊन त्यांनी मोठी शिडी आणली आणि तासाभरात एकूण एक आकडा उतरवून लाकडी खोक्यात टाकला. बाराला भंगारवाला येणार होता, म्हणून खोकं त्यांनी दाराजवळ, नाहुएलच्या टेबलाशी ठेवलं. मिर्ताने रिकाम्या रुळाकडे पाहिलं आणि तिला जरा बरं वाटलं. वीस वर्षं जे कुणाच्या हाताला लागलं नव्हतं ते आपण हाताशी आणून ठेवलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मिल्टनला तिने फोन करून सांगितलं, आज येऊ नकोस. त्यामुळेच तो वेळेआधी आला.

"का येऊ नको? कोण येणारे? पोलीस?"

ती त्याला तिच्या काचेच्या खोलीत घेऊन गेली. ती पूर्वीची वजनाची खोली, तिथून सगळं दालन दिसायचं. त्याला पडदा दाखवला. तो वाचून हसला. मग त्याचा हात आपोआप कानाकडे गेला आणि हसू ओसरलं.

"कुत्र्याचं कुणाकुणाला माहितीये, ताई?"

"तुला, मला. आईला होतं."

"आणि नाहुएलला. ख्रिसमसला दारू पिऊन मी सांगितलं होतं."

"मिल्टन, गेल्या मंगळवारी नाहुएल इथे नव्हता. त्याचा स्वतःचा हात..."

"त्याचा हात त्यानेच कापला असेल. नाटकी आहे तो." तो उठला. त्याच्या मानेवरची शीर तटतटली होती. ही शीर मिर्ता बावीस वर्षं पाहत आली होती, आणि तिच्यापुढे काही चालत नाही हेही जाणून होती.

"बस खाली. माझ्यासाठी बस."

"दोन मिनिटं. फक्त विचारतो."

दार आपटलं. मिर्ता त्याच्या मागे निघाली आणि थबकली, कारण पडद्यावरची शेवटची ओळ लुकलुकायला लागली होती. नजर तिथे अडकली ती अडकलीच.

मिल्टनने विचारलं वगैरे काही नाही. त्याने नाहुएलला खुर्चीतून कॉलर धरून उचलला आणि पहिली ठोकर टाके घातलेल्या हातावर मारली. मग डोकं भिंतीवर. पांढऱ्या फरशीवर नाहुएलच्या नाकाचं रक्त उडालं. यानेला मधे पडली तर तिला एका हाताने बाजूला भिरकावलं. नाहुएल काहीतरी बोलत होता, बहुतेक 'मी नाही' म्हणत होता, पण तोंड फुटलं होतं. मिल्टनने त्याला आणखी दोन लगावल्या आणि तो टेबलाखाली कोसळला. मग मिल्टन यानेलाकडे बघायला वळला. त्याची पाठ नाहुएलकडे झाली.

नाहुएलचा हात खोक्यावर होता.

दुसरी कुणी असती तर धावली असती. पंधरा पावलं होती. पण मिर्ताचं सगळं आयुष्य त्या पडद्यासमोर गेलं होतं आणि तिचे हात आधी तिकडे गेले. ही गोष्ट पुढे तिने स्वतःला कधी माफ केली नाही.

आठ वर्षं जे कुणाला करू दिलं नाही ते तिने केलं. वस्तूच्या आत हात घातला.

घावांची ओळ खोडली. ओळ परत उगवली. पुन्हा खोडली, पुन्हा उगवली. मग तिने कानाची ओळ खोडली.

ती गेली. परत आली नाही.

यंत्राने आपण होऊन ठसा तपासला. आतलं एक वाक्य उडालेलं, तरी ठसा तोच, जुनाच. असं होत नाही. यंत्र म्हणालं, ठीक.

काचेपलीकडे नाहुएलने आकडा उचलला आणि मारला.

मिल्टन पुढे झुकला. त्याच क्षणी नाहुएलच्या हातातून आकडा गळून पडला आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःची मान धरली. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. त्याच्या मागे कुणी नव्हतं. दाराशी एर्मेसकाका शिडी घेऊन उभे होते, ते शिडीसकट पडले आणि त्यांचं तोंड पन्हळीच्या लोखंडी जाळीवर आपटलं. बाहेर चढावर बसचा भोंगा वाजायला लागला. थांबेना.

मिर्ताने पडद्याकडे पाहिलं.

दारं: तीन.

मग सतरा. मग चव्वेचाळीस.

तिच्या लक्षात आलं. कोठाराचा नियम तिच्याइतका कुणाला ठाऊक होता? ज्या खुणेमुळे ती वस्तू एकट्या मिल्टनची होती, ती खूणच तिने पुसली होती. आत उरलं होतं 'पुरुष', आणि तीन घाव. आतून जे सारखं ते एकच. आता ती सगळ्यांची होती.

आकडा फरशीवर पडून होता, कुणी त्याला शिवलं नव्हतं. मिल्टनच्या मानेवर दुसरी जखम उघडली. नाहुएलच्या उघडली. म्हाताऱ्याच्या उघडली. मांस फाटल्याचा आवाज तिला काचेतून तीनदा ऐकू आला. रस्त्यावर कुणीतरी किंचाळलं. मग आणखी लांब कुणीतरी.

दारं: एकशे नव्वद.

कुणाची तरी खूण लिहायलाच हवी होती. घाव खोडता येत नव्हते, फक्त ते कुणाचे हे लिहिता येत होतं.

तिने लिहायला घेतलं, उजव्या हातावर सात टाके. नाहुएलची खूण. 'सात' पर्यंत लिहून झालं. मिल्टन वाचला असता. नाहुएलनेच तर मारलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्याची दया आली नव्हती. पण नाहुएल गुडघ्यांवर रांगत एका हाताने मिल्टनची मान दाबून धरत होता. स्वतःची तशीच वाहू देऊन. त्याच टाके घातलेल्या हाताने.

मिल्टनने मान वर केली. काचेतून त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. त्याचे ओठ हलले. ताई.

तिने 'सात' पुसलं.

डावा कान फाटलेला. एवढंच लिहिलं. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

दारं: दोन.

दोन का, असं तिच्या मनात आलं. मग मिल्टन खाली गेला. बाकीचे गेले नाहीत.

भोंगा थांबला.

त्या दिवशी सेरोच्या दवाखान्यांत दीडशेच्या वर माणसं आली. ड्रायव्हर, पाववाले, शाळेचे मास्तर, एक पाद्री. सगळ्यांच्या मानेवर मागे दोन जखमा, एकाच मापाच्या. सगळे जगले. पोलीस तीनदा येऊन गेले. नाहुएलने एक घाव कबूल केला आणि उरलेल्या दोन घावांबद्दल विचारलं की तो आपली मान दाखवत असे. मिर्ताने खरं ते सांगितलं. तरुण अधिकाऱ्याने लिहून घेतलं, वाचून पाहिलं आणि पान फाडलं.

गुरुवारी मिल्टनला पुरलं. सेरोच्या दफनभूमीत वारा एवढा होता की पाद्र्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या खड्ड्याशी आणखी एक शवपेटी होती, आणि तिच्यापाशी एक जाडसर बाई, पायात रबरी बूट, उभी. सगळे पांगले तेव्हा दोघीच उरल्या. बाईने पिशवीतून थर्मास काढला, माते भरला आणि मिर्तापुढे धरला. मिर्ताने घेतला.

"तुमचाही मंगळवारचा?" बाईने विचारलं.

"भाऊ."

"माझा नवरा. कोळी होता. होडी धूत होता, आजूबाजूला चिटपाखरू नाही." ती पेटीकडे बघत राहिली. "बाकी सगळ्यांना दोनच लागले. डॉक्टर म्हणाले, तिसरा लागलेले दोघंच, तुमचा आणि आमचा. आमच्या माणसाने कुणाचं काय वाकडं केलं होतं हो? साधा माणूस. चेहऱ्यावर खूण म्हणून काय ती एक. लहानपणी गळाचा काटा कानात अडकला आणि कान फाटला."

मिर्ताच्या हातातला भोपळा तसाच राहिला. कुत्रा, वयाची सहा वर्षं. एवढं लिहायचं राहिलं होतं.

"डावा," ती म्हणाली.

"हो, डावा," बाई म्हणाली. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

पुढच्या मंगळवारी ती कामावर आली, कारण घरी मिल्टनचे बूट दाराशी होते. यानेला आली नव्हती. नाहुएल पोलिसांच्या पहाऱ्यात दवाखान्यात होता. दालन कुणीतरी धुतलं होतं, पण फरशीच्या सांध्यांत तपकिरी रेघा राहिल्या होत्या. दहाला तिने माते भरला, घोट घेतला नाही आणि झाडलोटीची आज्ञा दिली.

ती वस्तू आज जायला हवी होती. दोन दारं होती, दोन्ही माणसं जमिनीखाली गेली होती.

वस्तू उरली.

पुरुष. डावा कान फाटलेला. मानेच्या मागे तीन घाव.

दारं: एक.

पायऱ्यांवर सावकाश पावलं वाजली. एर्मेसकाका. आजच दवाखान्यातून सुटले होते, मानेला जाड पट्टी, हातात गरम बिस्किटांची पुडी. पुडी त्यांनी तिच्यासमोर ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "माझं काही नाही गं. मानेचं भरत आलंय. त्या जाळीवर पडलो ना, तो कान तेवढा चिघळला. काल त्यांनी खालची पाळी कापून टाकली."

मिर्ता वळली नाही. पडद्याच्या काचेत तिला त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं, पण कान डावा की उजवा ते काचेत उलटं होतं, आणि ती हिशेब करत बसली.

"भंगारवाला आलाच नाही त्या दिवशी," म्हातारा म्हणाला. त्याने खोकं पायाने पुढे सरकवलं आणि आतले आकडे एकमेकांवर हलकेच वाजले. "हे परत वर टांगू का?"